हुकूम दुर्बीणचा, आवाज मावशीचा

आमच्या गल्लीतल्या केस कापायच्या दुकानात एक बातमी गेलं वर्षभर मुरतेय. माझ्या मावशीचं म्हणे शेजारच्या टीममधल्या एका मेकॅनिकशी सूत जुळलंय, आणि म्हणून ती ऐन शर्यतीत स्वतःच्या टीमची गाडी नको तेव्हा टायर बदलायला आत बोलावते. प्रेमापायी! दुकानवाली बाई हे सांगताना कात्री हवेत थांबवते. "अगं, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलंय. त्यांची माणसं बाहेर आली रे आली, की हिची हाक. आत ये! आता यात न कळण्यासारखं काय उरलं?" मग कात्री खाली येते आणि गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचतो.

गोष्ट झकास आहे. खरी असती तर मलाही आवडली असती, मावशीला या सगळ्यातून निदान काहीतरी मिळालं असतं. पण शेजारच्या टीममध्ये तिला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही. आणि गाडी कधी आत बोलवायची, हे मावशी ठरवतच नाही. ती फक्त बोलते. हुकूम दुर्बीणचा असतो.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहते आणि मोटार शर्यतीच्या एका टीममध्ये नोकरी करते. इथे ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात, म्हणून लगेच सांगून टाकते: ही टीम जिंकणाऱ्यांतली नव्हे. पुढून पहिलं कोण यावर टीव्हीवाले घसा कोरडा करत असतात, तेव्हा आमच्या दोन गाड्या मागून पहिलं कोण यासाठी आपापसात झुंजत असतात.

मुळात तिचं काम गिअरबॉक्स जुळवायचं. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली आहे. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. लांब टेबलावर लहानमोठी दातेरी चाकं ओळीने मांडलेली, तेलाने चकाकणारी. मावशी एकेक उचलायची, उजेडात धरायची, अंगठा फिरवायची आणि जागेवर बसवायची. दिवसभरात कुणाशी चार शब्द बोलायला लागले तर डोकं दुखतं म्हणायची. "तिथे कसं, दात्यात दाता बसला की बसला," ती सांगायची. "त्याची समजूत काढावी लागत नाही. आणि चुकला तर चूक माझी. दुसऱ्याची नाही."

मग एका शर्यतीच्या सकाळी गाडीशी रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा घसा पार बसला. तोंड उघडलं की नुसती हवा. मोठ्या साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि समोरून मावशी हात पुसत चालली होती. "अहो बाई, तुम्ही बसा. एका शर्यतीपुरतं बसा. एका शर्यतीपुरतं!" घसावाला बरा झाला आणि तडक दुसऱ्या टीममध्ये गेला. मावशी अजून त्याच स्टुलावर आहे.

हे मोठे साहेब म्हणजेच दुर्बीण. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात, दुसऱ्यांदा मोठ्याने, जणू पहिल्यांदा ते स्वतःच ऐकत नव्हते. गळ्यात कायम दुर्बीण. आपली गाडी कुठे आहे हे दाखवणारे सहा पडदे समोर असतात, ते साहेब बघत नाहीत. ते दुर्बीण लावून शेजारच्या टीमचं गॅरेज बघतात. त्यांची पक्की समजूत आहे की शेजाऱ्यांना सगळं कळतं. शेजारी टायर घेऊन बाहेर आले, म्हणजे आता टायर बदलायची वेळ झाली. मग आपण त्यांच्या आधी गाडी आत घ्यायची. शेजारी शिंकले की आमच्या साहेबांनी रुमाल काढलाच. शेजाऱ्यांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? आता ते कंटाळा आला तरी चार माणसं टायर देऊन बाहेर पाठवतात. माणसं उभी राहतात, आळस देतात, आत जातात. तोवर इकडे आमची गाडी आत येऊन, धडधाकट टायर उतरवून, नवे चढवून पार मागे गेलेली असते.

आणि ही हाक मारायची मावशीने. कारण नियम असा की ड्रायव्हरच्या कानात एकच आवाज जायचा. शर्यतीच्या टेबलाशी ओळीने बसलेले सगळे साहेब मावशीच्या कानात ओरडतात आणि मावशी त्यातलं एक वाक्य गाडीत पाठवते. तेच वाक्य टीव्हीवरही ऐकू येतं. त्यामुळे जगाला दुर्बीणचा आवाज माहीतच नाही. जगाला माहीत आहे ते मावशीचं शांत, सपाट, "आत ये. या फेरीला आत ये." बसमध्ये वाहक तिला बघून म्हणतो, आत या, या फेरीला आत या. आईसुद्धा वैतागली की जिन्याखालून ओरडते, "आत ये गं बाई, या फेरीला आत ये, जेवण गार होतंय!"

दोनांपैकी मावशीच्या वाट्याच्या गाडीतला ड्रायव्हर म्हणजे लंबू. इतका उंच की त्याला गाडीत बसवायला दोन माणसं लागतात आणि काढायला तीन. आत गुडघे छातीशी, कोपर बरगडीला, मान पट्ट्यात. दोघांचं बोलणं मी सगळ्यांना करून दाखवायचे.

"ताई, ही गाडी वळत का नाही?"

"बघतायत."

"ताई, मागच्या शर्यतीला वळत होती. तेव्हा जे लावलं होतं ते परत लावा ना."

"काय लावलं होतं ते कुणाला माहीत नाही."

यात विनोद नाही, हे शब्दशः खरं आहे. पुढचा पंख एका साहेबाकडे, मागचा दुसऱ्याकडे, गाडीचा तळ तिसऱ्याकडे. तिघांनाही आपला नवा भाग आधी लागलेला हवा. दुर्बीणला कुणालाच दुखवायचं नाही, म्हणून तिन्ही भाग एकाच शर्यतीला एकदम लागतात. गाडी पळाली तर तिघेही आपापल्या पाठीवर थाप मारतात. नाही पळाली तर तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दुर्बीण म्हणतात, "तिन्ही काढा. तिन्ही काढा!" त्यात चांगला होता तोही जातो.

"मग ऐकू नकोस ना त्यांचं," आई जेवताना म्हणायची. "रेडिओ बिघडला म्हणून सांग."

"ताई, लंबू कुठल्या वेगात असतो माहितीय? मी डावीकडून काढ म्हटलं की तो बघत बसत नाही, हात वळवून मोकळा होतो. आज मी एक हाक गिळली, तर उद्याच्या हाकेवर त्याने का हात वळवावा?"

"मग नोकरी सोड."

"आणि ती खोली?"

आईला ते कधीच कळलं नाही. तिच्या मते खोल्या सगळीकडे असतात, काचेच्याही.

मावशीने दुर्बीणकडे परत त्या खोलीत पाठवायची मागणी लावून धरली, तेव्हा कधीतरी त्यांनी शब्द दिला. पहिल्या दहात येणाऱ्यांनाच गुण मिळतात, आणि आम्हाला एकही मिळाला नव्हता. "एकदा पहिल्या दहात गाडी आणा, बाई. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या काचेत. तुमच्या काचेत!" आता बघा कसं झालं. मावशीची सुटका गाडीच्या नंबरावर, नंबर दुर्बीणच्या हुकमावर, आणि हुकूम निघायचा मावशीच्याच तोंडून. कोठडीची किल्ली जेलरच्या खिशात, आणि जेलरच्या खिशाला भोक.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला घरच्यांना पास मिळाले. गॅरेजच्या मागच्या भिंतीला दोरीपलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पाहुण्यांना हेडफोन. त्यात गाडीतलं ऐकू यायचं आणि टेबलावरचंही. मी तर स्वर्गात होते. आईने हेडफोन उलटा घातला आणि "दोघंही एकदमच बोलतात मेले" म्हणून तक्रार सुरू केली. समोर, गाड्या आत यायच्या रस्त्यापलीकडे, पत्र्याच्या छपराखाली टेबल होतं. तिथे मावशीची पाठ दिसत होती. एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला टायरांचे साहेब, कानातून निघालेली वायर टेबलाला खिळलेली. उठायचं म्हटलं तरी दोघांना उठवावं लागेल अशी जागा.

शर्यत निम्मी झाली आणि लंबूची गाडी नवव्या नंबरावर होती. नववी! काही पुढचे मोडले होते, काही घसरले होते, पण नववी ती नववी.

आणि शेजारच्या गॅरेजमधून चार माणसं टायर घेऊन बाहेर आली.

"अगं, नाटक करतायत!" आई माझं मनगट दाबत म्हणाली. "त्यातला एक जांभई देतोय बघ!"

हेडफोनमध्ये दुर्बीण: "आले! आले! बाई, आत घ्या. आत घ्या!"

"साहेब, ते दर वेळी येतात."

"या वेळी खरं आहे. त्यांचे चेहरे बघा. चेहरे बघा! आत घ्या!"

मग मावशीचा आवाज गाडीत गेला. "आत ये. या फेरीला आत ये."

"ताई, टायर चांगले आहेत," लंबू म्हणाला.

"माहितीय. आत ये."

तो आला. गाडी वर उचलली गेली, चांगले टायर उतरले, नवे चढले, गाडी गेली. शेजारची चार माणसं टायर उचलून परत आत निघाली. एकाने आमच्याकडे बघून हात हलवला. पडद्यावर आमचा नंबर शेवटून दुसरा. आईने त्या जांभईवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मावशीच्या पाठीत काही हललं नाही.

आणि मग जे झालं ते कुणाच्या बापाला सुचलं नसतं. गाड्या आत यायच्या वाटेच्या अगदी तोंडावर दोन गाड्या एकमेकींत घुसल्या आणि आडव्या पडल्या. ड्रायव्हर हातपाय झटकत बाहेर आले, पण वाट शर्यत संपेपर्यंत बंद. आत यायचं कुणालाच शक्य नाही. सगळ्यांचे टायर झिजून गुळगुळीत, आणि बदलायचे तर यायचं कुठून? शेजाऱ्यांची माणसं आता खरोखरच टायर घेऊन उभी होती आणि त्यांची गाडी समोरून बिचारी घसरत घसरत जात होती. आमचा लंबू एकटा नव्या टायरांवर. एकेकाला मागे टाकत तो आठवा आला.

"मी काय म्हणत होतो! काय म्हणत होतो!" दुर्बीणनी मिठ्या मारल्या. मेकॅनिकना, टायरवाल्या साहेबांना, चुकून आईलाही. टीव्हीवाल्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की शर्यत वाचावी लागते. वाचावी लागते!

मावशीने हेडफोन काढला. केस दोन्ही बाजूंनी चप्प बसले होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, आठवे आलो. मी उद्यापासून काचेच्या खोलीत."

साहेबांना ती गंमत करतेय असं वाटलं. "बाई, आता? जमलेली जोडी मोडतं का कुणी? माझा हुकूम आणि तुमचा आवाज! आणि लंबू दुसऱ्या कुणाचं ऐकेल का? विचारा त्याला. विचारा!"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना. कोण नाही म्हणतंय? पाळणारच. जरा स्थिर होऊ दे. स्थिर होऊ दे!"

घरी जाताना आई गाडीत फणफणत होती. "हरलीस तर अडकलीस, आणि जिंकलीस तर आणखी अडकलीस. ही कसली गं नोकरी?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि खरं सांगू? माझ्या हातात असतं तर मी त्याला बाहेरच ठेवला असता. त्याचेही टायर गेले असते. आम्ही कुठेच आलो नसतो." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आता मला हे चूक आहे असं म्हणायचीही सोय राहिली नाही."

नंतरच्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले. काचेच्या खोलीपाशी ती थांबली. आत दुसरंच कुणीतरी चाकं मांडत होतं. "उलट्या बाजूने मांडतोय," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

बाजूच्या अंधाऱ्या खोलीत लंबूचा सराव चालतो. बिनचाकाची अर्धी गाडी, पुढे भिंतभर पडदा, पडद्यावर रस्ता पळतो. लंबू त्या अर्ध्या गाडीत तसाच दुमडून बसतो, कानात हेडफोन. शेजारच्या खोलीत मावशी मायक्रोफोनपाशी. त्याला ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मावशी, साहेबांकडे कारण एकच आहे ना, लंबू दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही?"

"हो."

"मी बोलते तुझ्या आवाजात. त्याला कळलंच नाही, तर साहेबांना जाऊन सांग की हा आवाज कुणीही काढतं. शेंबड्या पोरीलासुद्धा जमतो. बसवा कुणालाही."

"तो ओळखेल."

"परवा आईने ओळखलं नाही! जिन्यावरून तुझ्या आवाजात चहा मागितला, घेऊन आली ती बिचारी."

"तुझी आई चहाचं नाव ऐकलं की आवाज ऐकत नाही. तो ओळखेल."

"लाव पैज."

मावशी हसली. "लावली. हरलीस तर माझी नक्कल बंद. कायमची."

"आणि जिंकले तर तू त्याच पावली साहेबांकडे जायचं."

मी तिचा चेहरा बघत होते, आणि शपथेवर सांगते, मी जिंकावं असं तिला वाटत होतं. "जाईन," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

मी बसले. बटण दाबलं. "पुढचा दोन सेकंद पुढे. मागे कुणी नाही."

"बरं, ताई."

मावशीकडे बघून मी भुवया उडवल्या. "तिसऱ्या वळणाला कचरा आहे. आतून जा."

"गेलो."

"पाणी पी."

"प्यायलो, ताई." मला हसू आवरेना. मावशी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी, आणि ती घडी हळूहळू सुटत होती. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. अख्ख्या गल्लीने टाळ्या दिलेला. सपाट, शांत, शेवटच्या शब्दावर किंचित खाली. "आत ये. या फेरीला आत ये."

पलीकडे इंजिनाचा आवाज थांबला. त्याने गाडी चक्क उभी केली होती.

"कोण आहे तिकडे?"

मी मावशीच्याच आवाजात म्हटलं, "मी आहे. काय झालं?"

"ताई नाही. ताई कुठाय?"

मग मी माझ्या आवाजात कबूल झाले आणि विचारलं, कसं ओळखलंस? आवाजात कुठे चुकलं?

"आवाज तोच होता," लंबू म्हणाला. "पण टायर अजून कोवळे आहेत. इतक्यात आत बोलवायचं म्हणजे हुकूम दुर्बीणचा. आणि दुर्बीणचा हुकूम ताई लगेच बोलत नाही. बटण दाबते, आणि थांबते. अर्धा श्वास. मग सांगते."

"आणि त्याने काय होतं? येतोस तर तू तरीही आत."

"येतो. यावंच लागतं. पण मला कळतं ना, या सगळ्यात मी एकटाच वेडा नाही." मग हळूच म्हणाला, "ते थांबणं नसेल, तर मी नाही बसणार या डब्यात."

मी मावशीकडे वळून बघितलं. मी तिच्या आवाजाचा चढ घेतला होता, उतार घेतला होता, शेवटचा शब्द घेतला होता. जिथे ती काहीच बोलत नाही, तिथे ऐकायचं मला सुचलंच नव्हतं. तिला मात्र ठाऊक होतं. तीच तर करत होती ते.

"ऊठ," ती म्हणाली. मी उठले. तिने हेडफोन कानावर चढवला, वायर मांडीवरून ओढून घेतली आणि खुर्ची टेबलाशी सरकवली.

"मी आलेय," ती म्हणाली. "चल, निघ."

पलीकडे इंजिन पुन्हा सुरू झालं. मी दाराशी उभी राहून विचारलं, नक्कल बंद म्हणजे अगदी बंद? घरातसुद्धा? आईपुढेही नाही? मावशीने वळून न बघता नुसतं बोट हलवलं: नाही.